जळकोट यादीत कुठं येतं? : अक्षरांची पेटी आणि क्रमाचा नियम



आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं संगणकातल्या याद्यांवर काय बोलावं? पण आम्हाला हा विषय आमच्याच शास्त्राचा वाटतो. दोन गोष्टी ‘एकच’ कधी म्हणायच्या आणि ‘वेगळ्या’ कधी, हा तत्त्वज्ञानाचा सर्वांत जुना प्रश्न आहे. तो आज तहसीलच्या खिडकीवर रोज सोडवला जातो, आणि सोडवणाऱ्याला आपण तो सोडवतो आहोत याचा पत्ताही नसतो.

सुरुवात एका साध्या प्रसंगानं करू. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईचं वारसाचं काम होतं. आम्ही सोबत म्हणून गेलो. एका कागदावर गावाचं नाव होतं ‘जळकोट’, दुसऱ्यावर ‘जलकोट’. खिडकीवरचा मुलगा सभ्य होता. तो म्हणाला, ‘सर, संगणक ही दोन गावं दाखवतो.’ त्या माउलीनं लग्न होऊन याच गावात पन्नास वर्षं काढलेली. ती म्हणाली, ‘बाबा, मी एकाच गावात राहिले की रं.’ तिला तीन हेलपाटे पडले. तिसऱ्या खेपेला आम्ही त्या मुलाशेजारी बसून गावांची यादी बघत होतो. शाळेत शिकल्याप्रमाणं आम्ही ज च्या शेवटी शोधत होतो, आणि जळकोट तिथं नव्हतं. ते ‘जवळगा’च्या आधी बसलं होतं.

आता ही यादी अशी कोणी लावली? आजचं व्याख्यान एवढ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

दोन वेगळ्या याद्या

जिथं माहितीचा मोठा साठा ठेवतात त्या संगणकीय व्यवस्थेला डेटाबेस म्हणतात. मायएसक्यूएल नावाचा एक डेटाबेस जगभर वापरला जातो. त्याला दोन प्रश्न विचारता येतात. ‘शो कॅरेक्टर सेट’ असं लिहिलं की तो आपल्याकडे असलेल्या वर्णसंचांची यादी देतो. ‘शो कोलेशन’ लिहिलं की अक्षरं कोणत्या क्रमानं लावायची आणि कोणती सारखी समजायची, याच्या नियमांची यादी देतो.

यातला फरक जुन्या छापखान्यावरून चटकन कळेल. छापखान्यात खिळ्यांची पेटी असायची. एकेका खणात एकेक अक्षर. पेटीत ळ चा खण नसेल तर खिळे जुळवणारा काय करणार? तो ल लावून मोकळा होणार. वर्णसंच म्हणजे ही पेटी : काय लिहिता येतं आणि काय येत नाही, ते ती ठरवते. कोलेशन म्हणजे शब्दकोश लावणाऱ्या पंडिताच्या डोक्यातला नियम : कोण आधी, कोण नंतर, आणि कोणाला एकाच घरात ठेवायचं. पेटी चुकली तर अक्षर हरवतं. नियम चुकला तर अक्षर असूनही सापडत नाही. आपल्या गावाच्या बाबतीत, मंडळी, दोन्ही घडलं आहे.

आधी पेटीची गोष्ट

आपला मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावपातळीवर कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत असे. वरचा कारभार आधी फारसीत चाले, १८८० च्या दशकापासून उर्दूत. म्हणजे एकाच शेताची नोंद खाली मोडी मराठीत आणि वर उर्दूत. जुनी मुंतखब, खासरा पत्रकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे सांगायला नको.

आता उर्दूच्या पेटीत ळ नाही. तिथं ल आहे, त्यानंच काम भागवायचं. म्हणून जळकोट उर्दूत लिहिलं की ते ‘जलकोट’ होतं, नळदुर्ग ‘नलदुर्ग’ होतं. उर्दूत ण सुद्धा नाही, न आहे. आणि ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्यानं ते मनानं भरायचे. यात त्या लिपीचा दोष काढू नका. उर्दू वाचणाऱ्याला संदर्भानं सगळं कळत होतं. अडचण येते ती नोंद एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हलवताना.

मोडीची तऱ्हा वेगळी. मोडीत ळ आहे, ण आहे. पण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. हात न उचलता भराभर लिहायची लिपी ती, वेलांट्यांचं सोवळं तिला परवडणारं नव्हतं. पुढं इंग्रजी आली. तिच्यात जळकोट सहा अक्षरांत मावलं, पण तिच्याही पेटीत ळ नव्हता. म्हणजे उर्दूनं आणि इंग्रजीनं, दोघींनी मिळून आपला ळ दोनदा गाळला. त्या माउलीच्या कागदावरचा ‘जलकोट’ बहुधा असाच आला असणार : जुनी नोंद कोणीतरी नागरीत उतरवताना समोर ल दिसला, त्यानं प्रामाणिकपणे ल लिहिला.

हा फक्त वारसाच्या कागदाचा प्रश्न राहिलेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनानं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या नोंदींत ‘कुणबी’ हा शब्द कुठं कुठं आहे ते शोधायचं होतं. आरक्षणाच्या वादात आम्ही आज शिरत नाही, तो या व्यासपीठाचा विषय नव्हे. पण शोधण्याची क्रिया बघा. कुणबी हा शब्द उर्दूत गेला की ण चा न होतो आणि कु मधला उकार लिहिलेला असेलच असं नाही. मोडीत गेला की शेवटची वेलांटी पहिली की दुसरी, हे सांगता येत नाही. तो परत नागरीत आणणारा एक जण ‘कुनबी’ लिहील, दुसरा ‘कुणबि’, तिसरा ‘कुणबी’. संगणकात ‘कुणबी’ शोधलं तर त्याला फक्त तिसरा सापडेल. एका णकारावर एखाद्या घराचं भवितव्य लटकू शकतं, ते असं.

आणि मोडीची आणखी एक गंमत ऐका. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांची एक सामाईक पेटी. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची, देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. मोडीला मात्र २०१४ पर्यंत थांबावं लागलं, आणि जागा मिळाली ती दूरच्या, नंतर वाढवलेल्या आळीत. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाचा जो जुना संच होता, तो एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देई. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइट घेतं, त्यामुळं आपलं भागलं. जळकोट या नावात ज, ळ, क, ओकाराची मात्रा आणि ट अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. मोडीच्या अक्षराला चार बाइट लागतात. ते त्या संचात मावतच नाही. चार बाइटांचा संच २०१० पासून मिळू लागला, त्याच्या नावातच चारचा आकडा आहे. तेव्हा कोणी मोडी दप्तराचा डेटाबेस करायला निघाला, तर त्यानं पहिल्यांदा संचांची यादी मागवून तो चार आकडा शोधावा. नाहीतर सगळं काम करून बसायचा आणि मग कळायचं, की पेटीत खणच नाही.

चुकीच्या पेटीत देवनागरी घातली की काय होतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. ती नुसती दिसण्यातली गडबड समजू नका. अक्षर साठवतानाच गेलेलं असतं. नंतर पेटी बदलली तरी त्या प्रश्नचिन्हांतून नाव परत निघत नाही.

आता क्रमाची गोष्ट

वर्णमाला ही निसर्गानं दिलेली वस्तू आहे असं आपल्याला लहानपणापासून वाटतं. तसं नाही. आपल्याच परंपरेत तिचे दोन क्रम आहेत. एक शाळेतला : कंठापासून ओठापर्यंत, क पासून म पर्यंत, मग य र ल व. दुसरा पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभी येणाऱ्या चौदा सूत्रांचा. तिथं वर्णांची मांडणी पूर्ण वेगळी आहे, आणि ह तर दोनदा येतो. का? कारण पाणिनीला अक्षरं मोजायची नव्हती, नियम थोडक्यात सांगायचे होते. ज्या वर्णांना एकच नियम लागतो ते त्यानं शेजारी बसवले. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसानंही क्रम प्रयोजनावरून ठरवला, ही गोष्ट विसरू नका.

आता ळ. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. पण पुढच्या अभिजात संस्कृतात तो नाही, म्हणून संस्कृतच्या वर्णमालेत त्याला खुर्ची नाही. मराठीत मात्र त्याच्यावाचून चालत नाही. मूळ आणि मूल, गाळ आणि गाल, बाळ आणि बाल, या जोड्या बघा. मराठीनं काय केलं? बसलेल्या पंगतीतून कुणाला उठवलं नाही. ह नंतर, शेवटी, ळ साठी पाट मांडला, त्याच्यापुढं क्ष आणि ज्ञ. आपले शेजारी कन्नड आणि तेलुगू लोकही ळ ह च्या नंतर म्हणतात. उमरग्याच्या पलीकडं गेलात तर कानडी शाळेत ऐकू येईल. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं वर्णमाला ठरवून दिली. तिच्यात चौदा स्वर, दोन स्वरादी, चौतीस व्यंजनं आणि क्ष, ज्ञ ही दोन विशेष संयुक्त व्यंजनं. एकूण बावन्न. ॲ आणि ऑ यांना तिथं रीतसर जागा मिळाली.

मग संगणकात ळ ल च्या शेजारी कसा गेला? तर त्याआधी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं प्रमाण तयार झालं. १९८८ चा तक्ता, १९९१ चं भारतीय मानक. कल्पना मोठी सुंदर होती. नागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड, तमिळ या सगळ्या ब्राह्मीच्या लेकी. त्यांच्यासाठी एकच तक्ता करू, म्हणजे क चं घर सगळ्या लिप्यांत एकाच नंबरचं. त्या तक्त्यात ल च्या शेजारी ळ बसवला. युनिकोडनं १९८८ चा हा तक्ता उचलला. आज ल चा क्रमांक २३५४ आहे, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१. संगणकाला दुसरा काही नियम दिला नाही आणि तो नुसत्या क्रमांकांवरून यादी लावू लागला, तर जळकोट आधी येणार आणि जवळगा नंतर. त्या दिवशी खिडकीवर आम्ही पाहिलं ते हेच.

इथं एक गैरसमज दूर करू. युनिकोडचा क्रमांक हा अक्षराचा घरनंबर आहे, मान नव्हे. गल्लीत पाच नंबरला राहणारा माणूस सात नंबरच्या आधी जेवायला बसतो असं थोडंच आहे? युनिकोडवाल्यांचंही हेच म्हणणं. क्रम लावण्यासाठी त्यांनी वेगळी पद्धत दिली आहे, आणि प्रत्येक भाषेनं आपला फरक तिच्यात सांगावा अशी सोय ठेवली आहे. कारण त्यांच्या सर्वसाधारण तक्त्यातही ळ ल च्या मागोमागच आहे. सगळ्या जगाचा एक तक्ता करायचा म्हटलं की एकट्या मराठीचं मन त्यात पडत नाही. फरक आपण सांगायचा असतो.

यादीत कोण आहे, कोण नाही

आता त्या दुसऱ्या यादीकडं वळू. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये वाढलं. त्यामुळं वर्षानुवर्षं, काही सांगितलं नाही तर, तो स्वीडिश नियमानं शब्द लावत असे. स्वीडिश वर्णमालेत झेडच्या पुढं तीन अक्षरं आहेत, त्यांचीसुद्धा. म्हणजे त्यांनाही शेवटी पाट मांडावे लागले, आपल्या ळ सारखेच! फरक एवढाच, की त्यांनी आपला नियम लिहून यंत्रात घातला, आणि तो न मागता जगभर गेला. २०१८ मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीत ही मूळ निवड बदलली आणि युनिकोडवर आधारलेला सर्वसाधारण नियम आला.

त्या आवृत्तीची कोलेशनची यादी वाचून पाहा. स्पॅनिशसाठी दोन नियम आहेत, एक नवा, एक पारंपरिक. कारण स्पॅनिश अकादम्यांनी १९९४ मध्ये ठरवलं, की दोन जोडाक्षरांना यापुढं स्वतंत्र अक्षर म्हणून लावायचं नाही. आपल्या क्ष, ज्ञ चाच वाद म्हणा ना. जुन्या रीतीनं लावलेल्या याद्यांसाठी जुना नियमही ठेवला. त्या यादीत डॅनिश आहे, आइसलँडिक आहे, फारसी आहे, सिंहली आहे. लॅटिन आहे, जी आज कोणाच्या घरात बोलत नाहीत. एस्पेरांतो आहे, जी एका माणसानं टेबलावर बसून बनवली. मराठी नाही. हिंदीही नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण आपली अक्षरं कोणत्या क्रमानं लावायची हे या यंत्राला कोणी सांगायचं?

सगळीकडं अंधार आहे असं मात्र नाही. पोस्टग्रेस नावाचा दुसरा डेटाबेस आहे. २०१७ पासून त्याला आयसीयू नावाच्या सामाईक संग्रहातले नियम वापरता येतात, आणि त्या संग्रहात मराठीच्या नावाचा स्वतंत्र नियम आहे. तिथं यादी मागवली की मराठी दिसते. ती आपोआप लागत नाही, निवडावी लागते. आणि निवडण्यासाठी आधी ती आहे हे माहीत असावं लागतं. म्हणून आम्ही म्हणतो, की कोणताही मराठी डेटाबेस उभारताना या दोन याद्या मागवून वाचणं ही पहिली पायरी. पाच मिनिटांचं काम आहे. ते नंतर करायला गेलं तर पाच महिने लागतात.

सारखं म्हणजे काय

आता आमच्या शास्त्राचा मुद्दा. कोलेशन नुसता क्रम लावत नाही, कोण कुणासारखं तेही ठरवतं. कऱ्हाड हे नाव घ्या. त्यातला डोळ्याच्या पापणीसारखा र संगणकात दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि जोडणारं एक अदृश्य चिन्ह. छापून आल्यावर डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही. पण बाइट मोजणाऱ्या कडक नियमाला ही दोन गावं वाटतात. युनिकोडवर आधारलेला सैल नियम नुक्ता आणि अदृश्य चिन्ह दोन्हीकडं काणाडोळा करतो, आणि त्याला ते एकच कऱ्हाड दिसतं. ॲ ची तीच गत. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं २००८ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून काम चालवत, आजही चालवतात. दिसायला एक, साठ्यात दोन. ‘शेतकऱ्यांची यादी’ या दोन शब्दांएवढ्या कामातसुद्धा हा घोटाळा लपलेला असतो.

मग कडक नियम चांगला की सैल? उत्तर प्रयोजनावर आहे, पाणिनीसारखं. शोधताना नियम सैल हवा, म्हणजे कुणी सुटणार नाही. नोंद पक्की करताना कडक हवा, म्हणजे दोन माणसं एक होणार नाहीत. मोडीतला कारकून एका अर्थी सैल नियमच पाळत होता, ऱ्हस्व-दीर्घ त्याला सारखेच. पण तो गावातल्या माणसाला ओळखत होता, म्हणून त्याला ते परवडलं. यंत्र कुणालाच ओळखत नाही.

आणि काही सारखेपणा असा आहे की तो कोणत्याही यादीतला नियम देणार नाही. जळकोट आणि जलकोट एकच, कुणबी आणि कुनबी एकच, हे अक्षरशास्त्र नव्हे, इतिहास आहे. ल आणि ळ सरसकट सारखे मानणारा नियम केला तर मूळ आणि मूल एक होऊन बसतील. ‘हा ल मुळात ळ होता, उर्दू दप्तरातून येताना बदलला,’ हे माणसानंच सांगायला हवं. उलट लातूर जिल्ह्यातही एक जळकोट आहे. तिथं अक्षर न् अक्षर सारखं, आणि गावं मात्र दोन. अक्षरं सारखी म्हणून वस्तू एक होत नाही, आणि अक्षरं वेगळी म्हणून दोन होत नाहीत.

एक प्रश्न

व्याख्यानाआधी एका तरुण मित्रानं आम्हाला विचारलं, ‘सर, ळ ल च्या शेजारी असला तर बिघडलं काय? उलट उच्चारानं जवळचे आहेत.’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं : क्रम हा करार आहे. आपण सगळ्यांनी मिळून उद्या ळ ल च्या शेजारी नेला तर काही बिघडणार नाही. पण आज शाळा मुलाला एक करार शिकवते, आणि खिडकीवरची यादी दुसरा पाळते. मुलगा मोठा होऊन योग्य जागी शोधतो आणि त्याला आपलं गाव सापडत नाही. त्याला वाटतं आपलंच चुकलं. चूक त्याची नाही. न विचारता बदललेल्या कराराची ती चूक आहे.

तेव्हा करायचं काय? तुमच्यापैकी जी मुलं संगणकाचं शिकत आहेत, त्यांना तीन गोष्टी सांगतो. काम सुरू करण्याआधी दोन्ही याद्या मागवा, संच चार बाइटांचा घ्या, आणि मराठीचा नियम असेल तर तो नाव घेऊन निवडा. जुन्या कागदावरून नोंद उतरवताना मूळ कागदात जसं आहे तसं एका रकान्यात आणि आजचं शुद्ध रूप शेजारच्या रकान्यात ठेवा, पहिलं पुसू नका. आणि गावाच्या नावासोबत गावाचा सरकारी क्रमांकही लिहा, म्हणजे दोन जळकोट एक होणार नाहीत आणि एकाचे दोन होणार नाहीत.

त्या माउलीचं काम शेवटी झालं. खिडकीवरच्या त्या मुलानंच शेरा लिहिला, की दोन्ही नावं एकाच गावाची आहेत. त्याला ते कोणत्या नियमात सापडलं नव्हतं. आजी सांगते ते त्यानं ऐकलं, जुना कागद पाहिला आणि सही केली. तेवढी सही उद्याच्या डेटाबेसमध्ये एका रकान्याच्या रूपानं आधीच असावी, एवढंच आमचं मागणं आहे.